तापलेल्या मोटारीचा रुसवा

मोटारीचा रुसवा दोन तऱ्हेचा असतो. थंडीच्या दिवसांत पहाटे गाडी सुरू होत नाहीं, हा रुसवा सर्वांच्या परिचयाचा आहे. रात्रभर गारठलेलें यंत्र जागें व्हावयास थोडा वेळ घेणारच, असें म्हणून आपण त्याची समजूत घालतों. दुसरा रुसवा मात्र माणसास बुचकळ्यांत टाकतो. गाडी तासभर उत्तम धांवलेली असते, इंजिनाचा आवाज सुरेल असतो, उष्णतेचा कांटा आपल्या जागीं असतो. मालक गाडी उभी करतो, वीस मिनिटांत काम उरकून परत येतो, किल्ली फिरवितो, आणि गाडी कांहीं केल्या सुरू होत नाहीं. दोन-तीन तासांनीं मात्र तीच गाडी, कोणीं हात न लावतां, पहिल्या प्रयत्नांत सुरू होते. या दुसऱ्या रुसव्याविषयीं आज बोलावयाचें आहे. आणि तेंहि एका विशिष्ट जातीच्या गाडीच्या संबंधांत. ती जात म्हणजे पेट्रोलचा फवारा दाबाखालीं इंजिनास पुरविणारी जुनी स्पोर्ट्‌स मोटार. या रचनेस मोटारधंद्यांत 'फ्युएल इंजेक्शन' असें नांव आहे.

हा विषय महाळुंग्याच्या अनुषंगानें काढण्यास कारण आहे. पुण्याच्या लोकांस बालेवाडीजवळचें महाळुंगे अधिक ठाऊक असतें. येथें अभिप्रेत आहे तें खेड तालुक्यांतील, चाकणहून तळेगांवकडे जाणाऱ्या वाटेवरचें महाळुंगे. या गांवच्या शिवारांत बजाज ऑटोचा कारखाना आहे. फोक्सवागेनचा कारखाना निघोजे, महाळुंगे व खराबवाडी या गांवांच्या जमिनीवर उभा राहिला आणि मार्च २००९ मध्यें त्याचें उद्‌घाटन झालें. मर्सिडीज-बेन्झ कंपनीनें १९९५ सालीं टेल्कोच्या पिंपरी येथील आवारांत आपल्या मोटारी जुळविण्यास आरंभ केला होता. तीहि २००९ सालीं चाकणला स्वतःच्या जागेंत आली. बजाजनें २००७ सालीं पल्सर २२० ही मोटारसायकल फ्युएल इंजेक्शनसह बाजारांत आणली, तेव्हां अशा दुचाकीचें लोकांस अप्रूप वाटलें होतें. एप्रिल २०२० पासून धुराचे नवे निर्बंध लागू झाले आणि इंजेक्शन ही घरोघरच्या दुचाकींत आढळणारी सामान्य वस्तु झाली.

या नव्या गाड्यांत बिघाड झाला तर कारागीर काय करतो? गाडीच्या आंत एक लहानसा संगणक असतो. त्यास जोडण्याची खांच ठरलेली असते. कारागीर आपलें उपकरण तेथें लावतो आणि गाडी आपल्या दुखण्याचा आंकडा स्वतःच सांगते. ही मोठीच सोय आहे. परंतु सन १९७५ च्या स्पोर्ट्‌स मोटारीस अशी खांच नाहीं. ती बोलत नाहीं. तिची नाडी पाहावी लागते. नाडीपरीक्षेची ही विद्या ज्यांच्या हातीं होती ते मेस्त्री आतां वृद्ध झाले आहेत. ज्या पट्ट्यांत दररोज शेंकडों इंजेक्शनच्या गाड्या तयार होतात, त्याच पट्ट्यांत जुन्या इंजेक्शनची गाडी कोणास दाखवावी, असा प्रश्न पडतो. मग कोणी अंदाजानें एक भाग बदलतो, कोणी दुसरा. परदेशाहून मागविलेल्या भागांचे पैसे भरून मालक थकतो, आणि वडिलांनीं हौसेनें घेतलेली गाडी अखेरीस विकून टाकावी, असें घरांत ठरतें. विकली जाणारी गाडी पुष्कळदां एका लहानशा झडपेपायीं विकली जाते.

आतां रचनेकडे वळूं. इंजेक्शनची प्रसिद्ध स्पोर्ट्‌स मोटार म्हणजे मर्सिडीज ३०० एस एल. ती १९५४ सालीं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली. पंखांप्रमाणें वर उघडणाऱ्या दारांच्या या गाडीचे १,४०० नग झाले आणि पुढें १९५७ पासून उघड्या टपाच्या गाडीचे १,८५८. डिझेल इंजिनांत जसा यांत्रिक पंप तेलाचा फवारा थेट सिलिंडरमध्यें सोडतो, तशीच हिची योजना होती. तापल्यावर पुन्हां सुरू होण्याची अडचण या गाडीसहि होती, आणि ती कारखान्यानें जाणली होती. म्हणून चालकापुढच्या फळीवर एक खुंटी दिलेली असे. ती ओढली कीं जादा विजेचा पंप चालू होऊन नळ्यांतील वाफ पुढें ढकलली जाई. म्हणजे हा रुसवा उत्तमोत्तम गाडीच्याहि स्वभावांत बसणारा आहे.

पुढें १९७३ सालीं बॉश कंपनीची 'के-जेट्रॉनिक' ही पद्धति आली. पोर्शे ९११ मध्यें ती त्याच वर्षीं बसविण्यांत आली आणि दशकाच्या मध्यास मर्सिडीजच्या ४५० एस एल मध्येंहि आली. 'के' हें अक्षर 'अखंड' या अर्थाच्या जर्मन शब्दाचें आहे. तिच्यांत फवारा थांबून थांबून येत नाहीं, अखंड येतो. इंजिन हवा ओढतें, त्या हवेनें एक तबकडी उचलली जाते. तबकडीबरोबर एक बारीक दांडा वर सरकतो, आणि दांडा जितका वर सरकेल तितकें पेट्रोल वांटून प्रत्येक सिलिंडरच्या इंजेक्टरकडे जातें. मूळ रचनेंत संगणक मुळींच नाहीं. सारा कारभार दाबावर चालतो. टाकीजवळचा विजेचा पंप पेट्रोलवर वातावरणाच्या सुमारें ५ पट दाब ठेवतो, आणि सुमारें ३ पटींहून थोडा अधिक दाब आला कीं इंजेक्टरचें तोंड उघडतें.

दाबाचें महत्त्व गृहिणींस सांगावयास नको. उघड्या भांड्यांतील पाणी १०० अंशांवर उकळतें; प्रेशर कुकरमध्यें तेंच १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाहीं. पेट्रोलचें तसेंच आहे. पेट्रोल हें अनेक द्रवांचें मिश्रण असून त्यांतील हलके अंश उघड्यावर ३५ अंशांच्या सुमारास उकळूं लागतात. आपल्याकडील वैशाखांतील दुपार त्याहून उष्ण असते. इंजिनाच्या झांकणाखालीं तर यापेक्षां किती तरी अधिक उष्णता असते. तरीहि गाडी चालत असतांना पेट्रोलची वाफ होत नाहीं, कारण तें दाबाखालीं असतें, आणि शिवाय टाकींतून सतत नवें व थंड पेट्रोल येत राहतें.

गाडी थांबली कीं दोन गोष्टी एकदम घडतात. पंप थांबतो, म्हणून थंड पेट्रोलची आवक बंद होते. पंखा व पाण्याचें अभिसरण थांबतें, म्हणून इंजिनाच्या पोटांतील उष्णता बाहेर पडण्यास वाट राहत नाहीं. ती हळूहळू भोंवतालच्या नळ्यांत शिरते. गाडी थांबल्यावर झांकणाखालील उष्णता उतरण्याऐवजीं प्रथम चढते. वीस-तीस मिनिटांनीं ती शिगेस पोंचते आणि मग उतरूं लागते. नेमक्या याच वेळीं पेट्रोलवर दाब टिकून असेल तर तें द्रवरूप राहतें. दाब गेला असेल तर नळ्यांत वाफ भरते. मग मालक सेल्फ मारीत राहतो, पंप वाफच दाबीत राहतो, आणि स्पंजासारखी दबणारी ती वाफ इंजेक्टरचें तोंड उघडूं देत नाहीं.

आजच्या भाषणाचा गाभा येथेंच आहे. आपल्या भाषेंत कारण आणि निमित्त असे दोन निराळे शब्द आहेत, आणि या दुखण्यांत ते निराळे ठेवावे लागतात. उष्णता हें निमित्त आहे. कारण आहे तें निसटलेला दाब. उष्णता गाडी नवी होती तेव्हांहि होतीच, आणि तेव्हां गाडी सुरू होत होती. तेव्हां दाब धरून ठेवणारें कांहीं तरी आतां त्यास धरीत नाहीं. तें काय, हें शोधणें म्हणजे निदान.

दाब धरून ठेवणारे पहारेकरी चार आहेत. पहिला, पंपाच्या तोंडाशीं असलेली एकेरी झडप, म्हणजे चेक व्हॉल्व्ह. ती पेट्रोल मागें टाकीकडे जाऊं देत नाहीं. दुसरा, अ‍ॅक्युम्युलेटर नांवाचा डबा. त्यांत एक लवचिक पडदा व स्प्रिंग असते. गाडी चालतांना थोडें पेट्रोल तेथें सांठतें आणि गाडी थांबल्यावर स्प्रिंग तें पुढें दाबून नळ्यांतील दाब राखते. तिसरा, पेट्रोल वांटणाऱ्या भागांतील दाबनियंत्रक. त्याचें बारीक रबरी कडें झिजलें कीं पेट्रोल परतीच्या नळीनें निघून जातें. चौथे पहारेकरी म्हणजे स्वतः इंजेक्टर व थंडींत जादा पेट्रोल देणारी झडप; यांचीं तोंडें घट्ट मिटलीं पाहिजेत. चाकणच्या संग्रामदुर्गाची हकीकत आपणांस ठाऊक आहे. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यांनीं तो भुईकोट शाइस्तेखानाच्या फौजेपुढें जवळजवळ दोन महिने लढविला. सुरुंगानें एक ठिकाण उडालें आणि किल्ला उघडा पडला. येथेंहि तीन पहारेकरी जागे असून उपयोग नाहीं. एक फितला कीं दाब गेला.

समजा, निगडीच्या प्राधिकरणांतील एक गृहस्थ आपली जुनी स्पोर्ट्‌स मोटार घेऊन कामानिमित्त महाळुंग्यास आले. चाकणच्या तळेगांव चौकांत अर्धा तास वाहनांच्या गर्दींत अडकले, इंजिन चांगलें तापलें. काम उरकून परत आले तों गाडी रुसलेली. जाणता मेस्त्री अशा वेळीं हत्यारांची पेटी उघडत नाहीं. तो आधीं विचारतो :

"साहेब, गाडी उभी किती वेळ होती?"

"वीस-पंचवीस मिनिटें."

"पांचच मिनिटें उभी केली तर?"

"लगेच सुरू होते."

"आणि तीन तास राहिली तर?"

"तरीहि सुरू होते, मेस्त्री. गोंधळ मधल्याच वेळांत होतो."

"सुरू होतांना धूर कसला येतो? पेट्रोलचा वास येतो का?"

या चार प्रश्नांत अर्धें निदान झालें. दुखणें मधल्या वेळांतच असेल तर संशय दाबावर जातो. पुष्कळ वेळ सेल्फ मारल्यावर गाडी खोकत, एक-दोन सिलिंडरांवर सुरू झाली, पेट्रोलचा वास नव्हता, आणि दहा-पंधरा सेकंदांत आवाज सुधारला, तर ती पेट्रोलवांचून उपाशी होती. उलट कच्च्या पेट्रोलचा उग्र वास आला, काळा धूर निघाला, आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरल्यानें गाडी सुरू झाली, तर तिला अजीर्ण झालें होतें. कोठला तरी इंजेक्टर किंवा थंडीची झडप थेंब थेंब गळत असली पाहिजे. उपासमार आणि अजीर्ण या दोहोंचा बाह्य देखावा एकच, गाडी सुरू होत नाहीं. पण उपचार अगदीं उलट.

याहून आधीं पाहावयाच्या दोन साध्या गोष्टी आहेत. किल्ली फिरविल्यावर इंजिन फिरतें का? केवळ 'टक्‌' असा आवाज येऊन थांबत असेल, तर दोष तापलेल्या सेल्फचा किंवा त्याच्या तारांचा आहे. पेट्रोलचा त्यांत संबंध नाहीं. इंजिन फिरत असेल तर ठिणगी पडते का? तापल्यावर इग्निशन कॉइल किंवा तत्सम विजेचा भाग दगा देतो आणि थंड झाल्यावर पुन्हां शहाणा होतो, असेंहि घडतें. इंजिन फिरतें, ठिणगी पडते, एवढी खात्री झाल्यावरच पेट्रोलच्या वाटेस जावें.

मग येतें दाबमापक, म्हणजे प्रेशर गेज. हें साधन फार महाग नसतें, पण गॅरेजमध्यें तें भिंतीवर लटकत राहतें आणि नवा पंप आधीं विकत घेतला जातो. गाडी चांगली तापवावी, थांबवावी, आणि घड्याळ समोर ठेवून कांटा पाहत बसावें. गाडी थांबतांच दाब इंजेक्टर मिटतील इतका खालीं येतो. तें योग्यच आहे. त्यानंतर तो टिकला पाहिजे. दहा मिनिटांनीं किती, वीस मिनिटांनीं किती, हे आंकडे कारखान्याच्या पुस्तकांत त्या त्या गाडीसाठीं दिलेले असतात. बहुतेक गाड्यांत वीस मिनिटांनंतरहि वातावरणाच्या दीडपट ते अडीचपट दाब शिल्लक असावा अशी अपेक्षा असते. कांटा मिनिटभरांत शून्यावर आला, तर पहारेकरी फितला हें निश्चित.

कोणता, हें ठरविण्यासाठीं एकेक वाट बंद करून पाहावी. परतीची नळी बंद केली आणि दाब टिकला, तर दाबनियंत्रक दोषी. ती बंद करूनहि दाब पडला, तर पंपाकडील वाट बंद करावी. आतां दाब टिकला, तर चेक व्हॉल्व्ह किंवा अ‍ॅक्युम्युलेटर दोषी. ज्या नमुन्यांत अ‍ॅक्युम्युलेटरच्या पाठीमागून टाकीकडे एक नळी जाते, तेथें ती नळी सोडून पाहावी. तिच्यांतून पेट्रोल येत असेल तर आंतला पडदा फाटलेला आहे. दोन्ही वाटा बंद असतांनाहि दाब पडला, तर इंजेक्टर व थंडीची झडप काढून त्यांच्या तोंडाशीं थेंब जमतो का तें पाहावें. या साऱ्या कामास एक दुपार लागते. पण त्या दुपारीं एकहि भाग विकत घेतलेला नसतो.

येथें एक इशारा दिलाच पाहिजे. हें पेट्रोल दाबाखालीं आहे आणि इंजिन तापलेलें आहे. सैल केलेल्या सांध्यांतून उडालेली चिळकांडी तापल्या एक्झॉस्टवर पडली, तर क्षणांत गाडी आणि माणूस दोन्ही आगीच्या तोंडीं जातात. सांधा सोडण्यापूर्वीं इंजिन थंड होऊं द्यावें आणि दाब सावकाश उतरवावा. बंद गॅरेजमध्यें, विडी-सिगारेट जवळ असतांना, किंवा अग्निशामक नळकांडें हाताशीं नसतांना ही परीक्षा करूं नये. घरच्या मंडळींनीं एवढा आग्रह मालकापाशीं अवश्य धरावा.

जुन्या चालकांची एक युक्ति आपण ऐकली असेल. बोरघाट चढून आलेली मोटार खंडाळ्यास चहासाठीं थांबली आणि रुसली, कीं पेट्रोलच्या पंपावर ओलें फडकें टाकीत. ती युक्ति कार्ब्युरेटरच्या गाडीची. तिच्यांत पेट्रोलवर दाब नांवापुरताच असे, म्हणून उष्णता कमी करणें एवढाच उपाय होता. इंजेक्शनच्या गाडींत ओलें फडकें टाकून वेळ निभावते, पण फितलेला पहारेकरी जागा होत नाहीं. झांकण उघडून ठेवणें, जादा पंखा बसविणें, पंप आधीं चालू करणारें बटण जोडणें, हे उपायहि त्याच जातीचे आहेत. पंप चार सेकंद आधीं चालवून गाडी चटकन सुरू झाली, तर ती निदानाची खूण मानावी. उपचार झाला असें मानूं नये.

आजच्या काळांत या प्रश्नास एक नवी बाजू आली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्यें आपल्या देशांत २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली, आणि २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर तेंच मिळूं लागलें. हें इथेनॉल मोठ्या प्रमाणावर उसापासून होतें; महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांचा त्यांत मोठा वाटा आहे. नव्या गाड्या त्यासाठीं जुळविलेल्या आहेत. जुन्या गाडीची गोष्ट निराळी. थोड्या प्रमाणांत मिसळलेलें इथेनॉल पेट्रोलची वाफ होण्याची प्रवृत्ति वाढवितें. तें हवेंतील पाणी ओढून घेतें, आणि पन्नास वर्षांपूर्वींच्या रबरास तें मानवत नाहीं. आपल्या पहारेकऱ्यांपैकीं कांहीं रबराच्या कड्यांवर नि पडद्यांवर अवलंबून आहेत, हें लक्षांत घेतलें म्हणजे जुन्या गाडीच्या मालकानें आजच्या पेट्रोलास टिकणाऱ्या नळ्या व कडीं वेळींच कां बसवावीं, तें निराळें सांगावयास नको. गाडी महिनोन् महिने उभी असल्यास टाकींत पेट्रोल पडूं देऊं नये, हेंहि त्याच कारणासाठीं.

श्रोतेहो, जुनी मोटार सांभाळणें ही श्रीमंतांची चैन आहे, असा एक समज आहे. त्यांत थोडें तथ्य असेल. पण दुखणें नीट ऐकून घेणें, मोजणें, एकेक वाट बंद करून दोष कोठें आहे तें ठरविणें, आणि मगच खिशांत हात घालणें, ही शिस्त घरांतल्या फ्रीजपासून कारखान्यांतल्या यंत्रापर्यंत सर्वत्र लागते. संगणक जो आंकडा देतो तो बहुधा निमित्ताचा असतो. कारण शोधणें माणसाकडेच राहतें. महाळुंग्याच्या कारखान्यांत काम करणारा तरुण कारागीर एखाद्या रविवारीं अशा वृद्ध मेस्त्र्याशेजारीं बसून दाबमापकाचा कांटा वीस मिनिटें पाहील, तर सोमवारीं नव्या गाडीचें दुखणेंहि त्याला अधिक लवकर कळेल. आणि ज्यांच्या घरीं अशी रुसणारी गाडी आहे त्यांनीं ती विकण्यापूर्वीं एवढें तरी विचारावें, कीं हिचा दाब कोणीं मोजला आहे काय?